दाब, धर, सोड

प्रिय दादा,

“गाडीला काही झालेलं नाही, तुझ्या पायातच जोर नाही.” फाटकाचा खांब आडवा पडलेला, माझा हात कोपरातून भलत्याच दिशेला वळलेला, आणि बाबा तुला हे म्हणाले. तू एकोणीसचा, मी चौदाची. सत्तावीस वर्षं झाली. माझा हात दीड महिन्यात जुळला. तू मात्र त्या दिवसानंतर स्टिअरिंगला बोट लावलं नाहीस, आणि घरी आलास तरी बॅग न उघडताच परत जायला लागलास.

आता हस. मी त्याच गाडीचे ब्रेक उघडून बसले आहे. शेडचे पत्रे गळायला लागलेत. बदलायचे तर गाडी बाहेर काढायला हवी, आणि बाहेर पडलं की समोर तोच उतार. ब्रेकशिवाय ती थेट फाटकात जाईल, आणि या खेपेला फाटक मी माझ्या हातांनी रंगवलंय.

कानावर पेन्सिल खोचणारे मेकॅनिककाका आठवतात? त्यांचे गुडघे गेलेत, म्हणून ते स्टुलावर बसून हुकूम सोडतात आणि मी जमिनीवर लोळते. ते म्हणत होते, जुनं सगळं काढून टाकू, नव्या पद्धतीचे ब्रेक बसवू. आतल्या खोलीतून बाबांचा आवाज आला, आहेत तेच दुरुस्त करा. एरवी जेवायला हाका मारून माझा घसा बसतो, पण गाडीबद्दल कोणी कुजबुजलं तरी त्यांना भिंतीपलीकडून ऐकू येतं. चाकांमधले ब्रेकचे ड्रम गंजून असे धरले होते की हातोडीने टकटक करण्यात दोन रविवार गेले. माझ्या नखांतलं काळं आता ऑफिसातही सगळ्यांच्या ओळखीचं झालंय.

मग मास्टर सिलिंडर उघडला. काकांनी मला पहिलीतल्या मुलीसारखं शिकवलं: तू पायडल दाबतेस, इथून तेल चारी चाकांकडे जातं, पाय काढलास की ते परत येतं, आणि हे सगळं सांभाळतात हे एवढेसे रबरी कप. ते कप, दादा, रात्रभर भिजत घातलेल्या वाटाण्यांसारखे फुगले होते. काकांनी एक हुंगला आणि कानावरच्या पेन्सिलीने टोचून पाहिला. म्हणाले, यात भलतंच तेल पडलंय. अशा तेलाने रबर फुगतं, दाबलेलं तेल परत येत नाही, ब्रेक थोडे थोडे धरूनच राहतात, तापत जातात, आतलं तेल उकळतं, आणि मग नेमक्या वेळी पायडल रिकामं खाली जातं. पायात कितीही जोर असो.

त्या सकाळी तू म्हणाला होतास, गाडी जड चालतेय. मी मागे बसले होते, मी ऐकलं होतं. आणि नंतर कोणालाही सांगितलं नव्हतं. हात दुखत होता, एवढंच कारण आहे माझ्याकडे.

तो कप घेऊन मी बाबांकडे गेले, भांडायचं ठरवूनच. त्यांनी तो बोटांत फिरवला. “जॅकचं तेल मीच घातलं होतं,” म्हणाले, “आदल्या दिवशी.” ब्रेकच्या तेलाचा डबा संपलेला, दुकान बंद. त्यांना वाटलं, जे तेल अख्खी गाडी उचलतं ते तिला थांबवणार नाही होय? अपघातानंतर आठवड्यातच त्यांना शंका आली होती. म्हणून तर गाडी कोणाला उघडू दिली नाही, विकलीही नाही. आणि आपण समजत होतो, तिच्यावर जीव आहे.

दोन दिवस मी त्यांच्याशी बोलले नाही. ताट समोर ठेवायचं आणि निघून जायचं. तिसऱ्या दिवशी शेडमध्ये गेले तर बाबा खुर्ची टाकून बसले होते, नवे कप तेलात बुडवून काढत होते. डब्यावरचं लेबल भिंगातून वाचायचं, डबा खाली ठेवायचा, पुन्हा उचलून वाचायचं. मी शेजारी बसले. रागावून राहणं मला कधी जमलंय?

आता सगळं बसवून झालंय. फक्त पाइपांमधली हवा काढायची राहिली आहे, आणि ते एकट्याचं काम नाही. एकाने पायडलवर बसायचं, एकाने चाकापाशी. लहानपणी तू आत, बाबा खाली, आणि मी मध्ये उभी राहून त्यांचे शब्द तुझ्यापर्यंत पोचवायची: दाब, धर, सोड. शेजारचे गृहस्थ यायला तयार होते. बाबांनी त्यांना परत पाठवलं. “तिथे त्यालाच बसू दे,” म्हणाले. गेल्या मंगळवारी तुला घरून तीन मिस्ड कॉल आले ना, ते माझे नव्हते. घंटा वाजली की बाबा फोन ठेवून देत होते.

तू नाहीच म्हणशील, हे मला ठाऊक आहे. सुट्टी नाही म्हणशील, मेकॅनिकला पायडलवर बसव म्हणशील. तरी विचारते. एक दिवस ये. चालवू नकोस, फक्त बस आणि दाब. आणखी एक. “तेलाचं त्याला मीच सांगणार, तू लिहू नकोस,” असं बाबांनी मला बजावलं होतं. मी लिहिलं, कारण नाहीतर तू येणारच नाहीस. पण आलास, आणि चाकापाशी वाकून त्यांनी बोलायला सुरुवात केली, तर पहिल्यांदाच ऐकतोयस असा चेहरा करशील?

तुझीच,
भिंगरी