धापूच्या घरचं पाणी

सम, जैसलमेर

आई, तुझ्या पायांवर डोकं ठेवून लिहितोय. मी बरा आहे, दोन वेळा पोटभर जेवतो.

काल मालकानं वाळवंट बघायला आलेल्या पाहुण्यांना गाव दाखवायला मला जीप घेऊन धापूच्या सासरी पाठवलं. लग्नानंतर पहिल्यांदाच भेटली. जरा वाळलीय, पण हसते तशीच. पाणी लांबून आणावं लागतं, एवढंच.

पाहुणे अंगणात चहा प्याले. थोरल्या भावाला बहिणीच्या सासरचं पाणी चालत नाही, म्हणून मी जीपपाशीच थांबलो. तिचे सासरे म्हणाले, "घ्या की घोटभर, कोण बघतंय?" मी नुसता हसलो.

मग धापू घूंघट सावरत घागर घेऊन आली. "दादा, बॉनेट उघड. तू नको पिऊस, पण जीप काही माझा भाऊ नाही."

रेडिएटरला थोडंच लागलं. उरलेलं तिनं माझ्या कॅनमध्ये ओतलं आणि मान वळवून उभी राहिली.

तिला आखातीजेच्या सणाला माहेरी पाठवा म्हणालोय, सासरे बघू म्हणाले. तुझा गुडघा कसा आहे? शेळी व्याली का?

आई, गावाची शीव ओलांडल्यावर जीप थांबवून मी ते पाणी प्यालो. शीव ओलांडल्यावर चालतं ना?

तुझा,
सवाई