हाडांच्या विभागामागचे आयरिस

१२ मे

बाग जाणार. बाबांची बाग! रुग्णालयाच्या मागच्या अंगाला गाड्या लावायला जागा करतायत म्हणे, शनिवारपर्यंत सगळं सपाट. एकतीस वर्षं बाबांनी तिथे माळीकाम केलं, आणि मला हे कळावं कोणाकडून — तर भाजीवालीकडून!

आईला सांगितलं. टीव्हीवरची नजर हलली नाही. "मग? लोकांनी गाड्या डोक्यावर घ्यायच्या का?"

सत्त्याऐंशी वर्षांची आहे. तिच्याशी भांडायचं नाही असं ठरवलंय. तरी भांडले.

१३ मे

जाऊन आले. बाबांना जाऊन बारा वर्षं झाली, पण कडेचा वाफा अजून टिकलाय. हाडांच्या विभागाच्या खिडक्यांखाली सायबेरियन आयरिसची फुलझाडं, आणि पुढे, छताचं पाणी जिथे पडतं त्या खोलगट जागी, जपानी. बाबांचीच रचना. सायबेरियन काटक, गवतासारखी बारीक पानं, वाऱ्याला भीक न घालणारी. जपानी म्हणजे नाजूक पाहुणी — फुलायच्या दिवसांत पाय ओले हवेत आणि चुन्याचा कण खपायचा नाही. भिंतीला चुना द्यायला आलेल्या रंगाऱ्याला बाबांनी शिडीवरून खाली उतरवलं होतं! माझ्या डोळ्यांदेखत. एरवी आवाज न चढवणारा माणूस.

जातीसुद्धा त्यांनी स्वतः तयार केलेल्या. नावं विभागांवरून. गडद जांभळी, पांढऱ्या काठाची ती 'हाडं'. फिकट निळी ती 'नाक-कान-घसा'. आणि जपान्यांतली, बशीएवढी, पांढरी, आत जांभळ्या शिरा — ती 'बाळंतीण'. पुष्पप्रदर्शनात 'बाळंतीण' पहिली आली तेव्हा परीक्षकांनी नाव वाचलं आणि सभागृह हसत सुटलं. बाबा कानापर्यंत लाल!

सायबेरियनची बेटं आता मधून टकली झालीत, कडेनेच तेवढी हिरवी. बारा वर्षांत कोणी फोडून लावलीच नाहीत. बघून गलबलून आलं.

ठेकेदार सभ्य निघाला. "न्यायचं ते शुक्रवारपर्यंत न्या, बाई. शनिवारी माझं मशीन येतंय."

मुलाला फोन केला. शुक्रवारी सुतारकामाला सुट्टी देऊन टेम्पो आणतो म्हणाला.

१५ मे

कंबर गेली. पण आणली! नऊ बेटं सायबेरियन, चार जपानी.

आत्ता कळ्या धरल्यात, ही काही हलवायची वेळ नव्हे. म्हणून मातीच्या भल्यामोठ्या गोळ्यासकट उचलली, ओल्या गोणपाटात गुंडाळली. मुळं सुकली की संपलं, हे बाबा मला इतक्यांदा सांगायचे की मी वाटेत तीन वेळा टेम्पो थांबवून पाणी मारलं. मुलगा म्हणाला, "आई, रुग्णाला सलाईन लावल्यासारखं करतेयस." पण पहार त्यानेच मारली बिचाऱ्याने, शेवटपर्यंत.

प्रत्येक बेटाशी मातीत बाबांची पत्र्याची पट्टी सापडली. नाव खिळ्याने कोरलेलं, आणि कडेला खाचा — कुठे एक, कुठे दोन, कुठे तीन. किती वर्षांची झाडं ते मोजत असणार. पट्ट्या धुऊन ओळीने मांडल्या खिडकीत. बाबा घरात आल्यासारखं वाटलं.

आई दारात उभी. "कशाला आणलीस ही ब्याद?"

हिला फुलांचं कधी काही नव्हतंच. बाबा आयुष्यभर रंगांत बुडालेले, आणि ही त्यांचा जेवणाचा डबा पोचवून परत येणारी. मी लहान होते तेव्हापासून वाटत आलंय — कसे राहिले असतील बाबा हिच्याबरोबर?

१६ मे

मशीन आलं. रस्त्यावरूनच पाहिलं. पाच मिनिटंसुद्धा लागली नाहीत.

१९ मे

पाणी. पाणी. पाणी. 'नाक-कान-घसा' मान टाकून बसलीय.

२७ मे

'हाडं' फुलली! माझ्या अंगणात! चौदा दांडे. लहानपणी शाळा सुटली की बागेत जायचे, बाबा पालथ्या बादलीवर बसवायचे आणि विभागाच्या खिडक्यांतून पाय बांधलेले रुग्ण मला हात करायचे. ओल्या मातीचा आणि जंतुनाशकाचा मिळून एक वास होता. आज अंगणात तो जंतुनाशकाचा वासही हवासा वाटला — वेडच!

आईने खिडकी लावून घेतली. पडदासुद्धा.

३ जून

आज जे झालं ते नीट लिहायला हवं.

मोठ्या सिस्टर आल्या होत्या. हाडांच्या विभागाच्या मुख्य परिचारिका होत्या, ऐंशी उलटलेल्या, अजून ताठ. बाग गेल्याचं ऐकलं, एखादा गड्डा मिळेल का विचारायला आल्या. आई आत झोपली होती. मी कौतुकाने पट्ट्या दाखवल्या.

त्यांनी चष्मा वर केला, खाचांवरून बोट फिरवलं आणि म्हणाल्या, "एक खाच निळा, दोन जांभळा, तीन लालसर. तुझ्या आईची युक्ती हो! चाचपूनसुद्धा कळायचं."

"आईची? वर्षं मोजलीयत ना ती?"

"वर्षं कसली? तुझ्या बाबांना रंग दिसायचे कुठे?"

मला समजेना. सिस्टर खुर्चीत बसल्या. "अगं... तुला माहीत नाही?"

मग सांगितलं. बाबांना निळं-जांभळं वेगळं ओळखता यायचं नाही. लाल फूल हिरव्या पानांत सापडायचं नाही. आई दुपारी डबा घेऊन यायची तेव्हा पिशवीत डब्याखाली चिमटा आणि बारीक कुंचला असायचा. कोणत्या फुलाचा पराग कोणत्या फुलाला लावायचा, कोणतं रोप ठेवायचं, कोणतं उपटून टाकायचं — सगळं तिने ठरवायचं. माती, पाणी, खत, मुळं बाबांची. रंग तिचे. "आमच्या खिडकीतून दिसायचं ना सगळं," सिस्टर म्हणाल्या. "आम्ही कोणी बोललो नाही. मुख्य माळ्याला रंग कळत नाहीत म्हटल्यावर ठेवला असता का कामावर?"

त्यांना गड्डा द्यायचा विसरले. परत बोलावून दिला.

४ जून

आईला विचारलं. सरळच.

टीव्हीवरची नजर माझ्याकडे वळली. मग — "कोणी सांगितलं?"

"मोठ्या सिस्टरनी."

"ती भवानी जिवंत आहे अजून?"

मला हसू आलं आणि रडूही. आईने टीव्ही बंद केला. आपणहून! मी पाहिलेलं नाही कधी.

"लग्नाला महिना झाला होता," म्हणाली. "माझ्या जांभळ्या शालीला निळी म्हणाले. मला वाटलं चेष्टा करतायत. मग मी बागेत गेले तर अधीक्षकांनी सांगितलेला निळा वाफा ह्यांनी अर्धा जांभळा लावलेला. अधीक्षक दुसऱ्या दिवशी यायचे होते बघायला. आम्ही दोघांनी संध्याकाळपर्यंत सगळा उपटून पुन्हा लावला. तेव्हापासून मी रोज गेले."

"मग ते गेल्यावर एकदाही का नाही गेलीस?"

"जाऊन काय करू? हे असं असं दिसतंय म्हणून सांगायचं कोणाला?"

उठून आत गेले मी. तिच्यासमोर रडायची सवय नाही.

५ जून

दिवसभर एकच डोक्यात. शाळेत जाताना बाबा मला रोज बागेतून न्यायचे. "सांग बघू, आज कुठली उमलली? कशी दिसतेय?" मी ऐटीत सांगायचे — ही आकाशी, ही वांग्यासारखी, हिच्या घशात पिवळं. ते मान डोलवायचे, "शाब्बास." मला वाटायचं परीक्षा घेतायत. उत्तरं त्यांना ठाऊकच आहेत असं धरून चालायचे मी.

विचारत होते ते मला. खरोखर विचारत होते.

६ जून

आईशी कसं बोलायचं तेच कळेनासं झालंय. चहा दोनदा केला.

२१ जून

'बाळंतीण' उमलली. एकच दांडा, टबात पाण्यात उभा. सगळ्या सायबेरियन आटोपल्यावर ही सावकाश येते, मानाची असल्यासारखी.

आईला म्हटलं, चल. वाटलं होतं खेकसेल. चपला घातल्या आणि आली. टबाशेजारी खुर्ची दिली. बराच वेळ बघत बसली, मग बोटाने पाकळी उलटी करून खालून बघितली — सराईत हात! मी कुंडीआड उगाच काहीतरी खुरपत होते.

हळू आवाजात बोलत होती. "शिरा आत दाट आहेत. काठाकडे विरळ होत जातात. यंदा जरा फिकटच आलीय, पाणी कमी पडलं असेल. पण पांढरं अगदी स्वच्छ आहे हो."

माझ्याशी नव्हती बोलत. मी खुरपं ठेवून घरात निघून आले.

२२ जून

आईने चिमटा मागितला. भुवया कोरायचा होता तो दिला. "हा बोथट आहे," म्हणाली. नवा आणला.

२९ जून

मुलाला आज फोनवर आजोबांचं सगळं सांगितलं. पलीकडे करवतीचा आवाज थांबला. मग — "आई, मलाही."

वीस वर्षांपूर्वी जहाजावरच्या नोकरीचं शिक्षण महिन्यात सोडून आला होता. "नाही जमलं," एवढंच बोलला. मी भित्रा म्हटलं होतं त्याला. पाहुण्यांसमोर! त्याने सोडलं नव्हतं. डोळ्यांच्या तपासणीत काढून टाकलं होतं.

"मला का नाही सांगितलंस?"

"तू सारखी म्हणायचीस, आजोबांची नजर घे. रंग कळावेत ते आजोबांनाच. कसं सांगणार होतो?"

त्याच्या आजीला मात्र माहीत होतं म्हणे. पहिल्यापासून.

शेवटी तोच समजूत घालायला लागला. "निळं दिसतं गं मला, आई. जांभळंही निळंच दिसतं. माझ्या वाट्याला निळं जास्त आलंय, एवढंच."