बाबांच्या वहीतली ओळ

लीड्स, ९ नोव्हेंबर १८८३

ती. सौ. डॉर्कसताईस, सा. न. वि. वि.

रूबनभावोजींचा खोकला उतरला का? मी खुशाल आहे असं लिहिणार होतो, पण तुझ्याशी खोटं बोलवत नाही.

नव्या इंग्रजी शब्दकोशासाठी आम्ही मास्तर मंडळी पुस्तकांतली वाक्यं चिठ्ठ्यांवर उतरवून पाठवतो. माझ्याकडे ‘फॅदमलेस’ आला, म्हणजे अथांग. कवींची वाक्यं ढीगभर मिळाली, खलाशाचं एकही नाही. मग मीच एक रचलं, ‘येथे समुद्र फॅदमलेस आहे’, आणि ते बाबांच्या गलबतावरच्या वहीतलं म्हणून खाली त्यांचं नाव घातलं. हेडमास्तरांनी ते भर शाळेत वाचून माझी पाठ थोपटली. आता संपादकांना मूळ वही पाहायची आहे.

वही तुझ्याकडे आहे आणि तुझं अक्षर हुबेहूब बाबांचं. तेवढी एक ओळ लिहिशील? नाहीतर नोकरी जाईल. मागताना लाज वाटते.

तुझा एनोक

व्हिटबी, १४ नोव्हेंबर

चि. एनोकास अनेक आशीर्वाद.

मास्तर झालास, अक्कल इथेच विसरून गेलास वाटतं! बाबांनी तीस वर्षं गलबतावरून दोरीला बांधलेला शिशाचा गोळा सोडून पाण्याची खोली मोजली. दोन हात पसरले की एक वाव, म्हणजे तुझा फॅदम, अशी ओली दोरी मोजून मोजून बोटं फुटायची. दोरी पुरली नाही की ते लिहायचे, ‘नव्वद वाव सोडली, तळ लागला नाही.’ कप्तान एकदा म्हणाला होता, सरळ अथांग लिही की. तर म्हणाले, दोरी माझी संपलीय साहेब, समुद्राचं मला काय ठाऊक?

हे सगळं आठवत तीन दिवस बसले. मग तुझी नोकरी आठवली, आणि त्याच नोंदीखाली ती ओळ लिहिली. वही सोबत पाठवते आहे. ह्यांना सांगितलेलं नाही. मला ती परत नको.

जेवणाची हेळसांड करू नकोस.

तुझी डॉर्कस

लीड्स, १७ नोव्हेंबर

ती. सौ. ताईस, कोणत्या तोंडाने नमस्कार लिहू?

तुला पत्र टाकल्यावर मला झोप लागेना. बारा तारखेलाच मी संपादकांना कळवलं, की बाबा दोरीने खोली मोजून वहीत नोंदी करायचे हे खरं, पण ते वाक्य माझं; आणि हेडमास्तरांनाही सांगितलं. ते बोलायचं तेवढं बोलले, पण नोकरी राहिली. तेव्हाच तुला लिहायला हवं होतं. पण तुझ्यापुढे कबूल करायची लाज सर्वांत मोठी, म्हणून आज लिहू, उद्या लिहू करत राहिलो. तेवढ्यात वही आली.

आज संपादकांचं उत्तरही आलं. रागावलेले नाहीत. लिहितात, रचलेलं वाक्य आम्ही काढून टाकलं. पण दोरी संपल्यावर तुमचे वडील खरोखर काय लिहीत, ते आम्हांला हवं आहे. वही पाठवा, ‘फॅदम’ शब्दाखाली त्यांच्या नावानिशी छापू.

बाबांचं ते ‘तळ लागला नाही’ वहीत आहे. त्याच्या खालीच तुझी ओळ आहे. तासभर दिव्याशी धरून पाहिली, पण नुसत्या अक्षरावरून यातलं बाबांचं कोणतं आणि तुझं कोणतं, ते मलाच सांगता येत नाही. आता यातलं एकच खरं आहे, हे मी संपादकांना कोणत्या तोंडाने सांगू?

वही पाठवत नाही, असं त्यांना कळवलं आहे.

रागाव, पण पत्र बंद करू नकोस.

तुझा एनोक