मुका माज

१४ ऑगस्ट
उजाडायच्या आत गोठा पाइपने धुतला. जमीन स्वच्छ, चंद्री स्वच्छ. वर येऊन आईला सांगितलं. घर वर, गोठा खाली. गुडघ्याच्या ऑपरेशनपासून तिला जांभ्याच्या पायऱ्या उतरता येत नाहीत. शाबासकी मिळेल असं वाटलं होतं.
"शेपटीखाली बघितलंस? चिकट तार, काचेसारखी. नायतर जमिनीवर?"
जमीन धुतली, म्हटलं.
"झालं. या दोन दिवसांत माजावर येनार होती ती. आदी बघायचं, मग धुवायचं गो. आता थांब तीन आठवडे."
दिवसभर हाताला फिनेलचा वास.

१५ ऑगस्ट
इतर म्हशी माजावर आल्या की रेकतात, दावं ओढतात. चंद्री नुसती उभी राहते. शेजारी तुकाभाऊंचा रेडा होता तोवर कुणाला बघावं लागत नव्हतं, त्याला कळायचं. रेडा गेला. वाडीत आता गुरंच मोजक्या दारांत.
गुरांच्या डॉ.ना फोन. "मुका माज म्हणतात त्याला, मॅडम. पूर्वी ओळखायचं काम रेडा करायचा. आता तुमची ड्यूटी."
आईला सांगितलं. ऑपरेशननंतर पहिल्यांदा हसली. "रेड्याची नोकरी लागली तुला. कॉलेजापेक्षा बरी. कायम तरी हाय."
चिपळूणच्या कॉलेजात तासांवर मराठी शिकवत होते. यंदा बोलावलं नाही.

२१ ऑगस्ट
डोंबिवलीहून दादाचा फोन. चं. भाकड आहे. दूध नाही, खाणं चालू. दिवाळीच्या पाडव्याला येईन, तोवर गाभण असली तर राहू दे. नसली तर व्यापाऱ्याला सांगून ठेवलंय. मग घर बंद करू आणि आईला कायमचं इकडे आणू. त्याच्या बोलण्यात चूक शोधली. सापडली नाही.
भाकड म्हैस घाटावर जाते. पुढे कुठे, ते व्यापारी सांगत नाही. आपण विचारत नाही.
आई म्हणाली, "म्हस गेली तर मी हितं कोनासाठी राहू?"
मी समोर बसले होते.

२९ ऑगस्ट
रोज झाडायच्या आधी वाकून बघते. जमीन. शेपटी. गव्हाणीत पेंढा किती उरला, माजावर खाणं कमी होतं म्हणे. चं. मान वळवून माझ्याकडे बघते आणि कंटाळून पुन्हा समोर.
पुस्तक वाचताना मला नेहमी अर्थाची घाई. इथे ओलं की कोरडं, एवढंच. तेही धड

(आईने हाक मारली. मग राहिलं.)

४ सप्टेंबर
पेंढा निम्मा तसाच. शेपटीच्या मुळाशी तार. आई म्हणाली होती तशीच, काचेसारखी. पायऱ्या चढत ओरडत गेले.
"बोंबलतेस काय! डॉक्टरला लाव."
डॉ. वाशिष्ठीच्या पलीकडे. पाणी चढतंय, उतरलं की निघतो म्हणाले. दिवसभर पाऊस, दिवसभर फोन. माज थांबत नाही कुणासाठी. संध्याकाळी आले, रेनकोटसकट गोठ्यात शिरले. कृत्रिम रेतन, थोडक्या वेळाचं काम.
"उशीर नाही ना झाला?"
"नसावा. तीन आठवड्यांनी पुन्हा तार दिसली तर फुकट गेलं समजा. नाही दिसली तर..." तेवढ्यात चहा आला.

२५ सप्टेंबर
माजाची पाळी आज-उद्याची. जमीन कोरडी. गव्हाण चाटून साफ.
"नीट बघितलंस?"
हो.
"काय दिसलं?"
काही नाही.
"बरं."
दुपारी पुन्हा गेले, संध्याकाळी पुन्हा. ऑगस्टात असलेलं मला दिसलं नव्हतं. मग आता नाही म्हणते त्याला किंमत काय?

२६ सप्टेंबर
काही नाही.

१६ ऑक्टोबर
दुसरी फेरी. भात कापायला आलंय, बांधावर गवत कमरेइतकं. चं. चरून येते, रवंथ करते, शेणात बसते. काही नाही.
आई म्हणते, तिची कातडी चकाकतेय. वरच्या खिडकीतून तिला चं.ची पाठ तेवढी दिसते. मला चकाकी दिसत नाही. आईला चकाकी हवी आहे. मलाही. म्हणून मी तिकडे बघायचं टाळते.

२२ ऑक्टोबर, पाडवा
दादा-वहिनी सकाळी आले. चं.च्या शिंगांना गेरू, गळ्यात झेंडू. वहिनीने लांबूनच ओवाळलं. माळ चं.ने लगेच खाल्ली.
"पुढच्या वर्षी प्लास्टिकची आण," आई दादाला म्हणाली. पुढच्या वर्षी, असं म्हणाली.
दुपारी व्यापाऱ्याचा टेंपो रस्त्याला येऊन थांबला. दादाने अंगणात विचारलं, "गाभण आहे का? सरळ सांग."
"आहे."
"डॉक्टर म्हणाले?"
"त्यांना अजून हाताला कळणार नाही. मी म्हणते."
व्यापारी हसला. "ताईच म्हनतात म्हनजे झालंच."
दादाने आईकडे बघितलं. आईने मान खाली घालून पोहे संपवले. तो म्हणाला, "डॉक्टरांचा हात फिरला की कळव. नसली तर टेंपो परत येईल. मग मला थांबवू नकोस."
नाही थांबवणार, म्हटलं.

१४ नोव्हेंबर
डॉ. आज हात घालून बघणार. पाणी तापवलं. साबण, जुना टॉवेल. गोठ्याच्या दारात बसून लिहिते आहे.
सकाळी आई म्हणाली, मी उतरते. नको म्हटलं. उतरलीच. प्रत्येक पायरीवर बसून, काठी माझ्या हातात देऊन. चं.ने तिला हुंगलं, साडीला नाक पुसलं. आई शिंगाच्या मुळाशी खाजवत उभी राहिली. शेपटीकडे गेलीच नाही.
"तुला काय वाटतं?" मी विचारलं.
"मला काय विचारतेस? बघतेस तू."
वळणावर मोटारसायकल. वही ठेवते, शेपटी मला धरायची आहे.