पुलाचा नाका आणि रश्मीचा फेरा

मी, मोतीराम सुकदेव तेलगोटे, वय ६९, धंदा ठेकेदारी (आता बंद), राहणार नांदखेड, हे मृत्युपत्र माझ्या मर्जीने लिहून ठेवतो. कोणी भरीस घातलेले नाही. माझे डोके ठिकाणावर आहे. डॉक्टरांचा दाखला मुद्दाम सोबत लावला आहे, कारण कलम चार वाचल्यावर माझा मुलगा अनुप याला शंका येईल. याआधी मी मृत्युपत्र केले नाही. भावना, माझी बायको, माझ्यामागे राहील असे धरून चाललो होतो. ते तसे झाले नाही.

१. अमरावतीचे घर, गिट्टीचे क्रशर आणि दोन्ही टिप्पर अनुपला. त्याने धंदा सांभाळला आणि माझी बोलणी खाल्ली. गावातले राहते घर आणि बँकेतल्या ठेवी अनुप व मुलगी रश्मी यांना निम्म्या निम्म्या. भावनाचा पलंग निदान वर्षभर कोणी हलवू नये.

२. माझी आई जाईबाई रोजगार हमीच्या रस्त्यावर खडी फोडायची. तिची हातोडी माझ्या कपाटात आहे, दांडा मी दोनदा बदलला. मी अमरावतीला तंत्रनिकेतनात शिकलो तो त्याच मजुरीवर. ही हातोडी रश्मीला द्यावी. अनुपने वाईट वाटून घेऊ नये, त्याने ती कधी मागितली नाही.

३. जिनिंगवाले नत्थुजी यांना मी बांधलेल्या पुलाच्या उद्घाटनाच्या दिवशी टोल न भरता जाण्याचा पास दिला होता. तालुक्यात सगळ्यांत मोठी गाडी त्यांची आणि नाक्यावर सगळ्यांत मोठा आवाजही त्यांचाच. तो पास आजपासून रद्द. मी जिवंत असेपर्यंत तरी त्यांनी रांगेत उभे राहावे.

४. आता पुलाचे. आमच्या नदीवर पूल व्हावा म्हणून गाव माझ्या लहानपणापासून अर्ज करत होते. उत्तर एकच, निधी नाही. वऱ्हाडाचा अनुशेष हा शब्द भाषणांत इतका ऐकला की तो घरच्या माणसासारखा झाला. मग सरकारने सवलत काढली. जो आपला पैसा घालून पूल बांधेल त्याला करात सूट आणि ठरावीक वर्षे नाक्यावर टोलची वसुली. मी पैसा घातला आणि पूल उभा केला. माझ्याआधी कोणी केला नव्हता, हे विसरू नये.

रश्मी अकोल्याला कॉलेजात अर्थशास्त्र शिकवते. तिला हे पटले नाही. म्हणाली, "बाबा, तुमच्यासारख्या पैसेवाल्यायकडून सरळ कर घेतला असता तं सरकारजवळ पुलाले पैसा नसता का?"

मी म्हटले, "पोरी, तो कर मुंबईतच जिरला असता. नांदखेडले गिट्टीचा खडा नसता आला."

"मंग आजीची मजुरी कुठून येत होती? शहरातल्या नोकरदारायच्या करातूनच ना? त्याच्यावरच तुमी शिकले."

मजुरीचे तिचे म्हणणे खरे होते. आजही आहे. पण पूल माझा होता, म्हणून मी जिंकल्यासारखा हसलो.

तिची गाडी अडवायची नाही असे मी नाक्यावर सांगून ठेवले. ती नाक्यापासून माघारी वळली आणि फोनवर म्हणाली, "मले एकटीले माफी नोको. साऱ्यायले माफ करा, मंग येईन तुमच्या पुलावरून." तेव्हापासून बुद्धपौर्णिमा असो की चौदा एप्रिल, ती मूर्तिजापूरकडून फेरा घालून यायची. एवढा हट्टी स्वभाव कोणाचा, हे भावना मला विचारायची आणि माझ्याकडेच बघायची.

दोन वर्षांपूर्वी भावनाच्या छातीत दुखू लागले. डॉक्टर म्हणाले, मुलीला बोलवा. मी रश्मीला म्हटले, पुलावरून ये. ती हो म्हणाली. पण पुलाचा रस्ता फुटतो त्या फाट्यावर गाडी सवयीने फेऱ्याला लागली आणि रडण्याच्या भरात तिला ते फार पुढे गेल्यावर कळले. ती पोचली तेव्हा आईचा हात गार झाला होता. तिने मला एवढेच विचारले, "बाबा, काहून बसवला हो तो नाका?" पूल काहून बांधला, असे ती म्हणाली नाही. त्यानंतर ती गावात आलेली नाही.

पुलाचे कर्ज फिटले आहे, वसुलीची मुदत अजून बाकी आहे. वसुलीचा तो संपूर्ण हक्क मी रश्मीला देतो. अनुप म्हणेल, "ताईच्या हाती गेला म्हंजे नाका उठलाच." उठू द्यावा. मी हयातीत उठवला नाही, कारण मग मी चुकलो असा अर्थ झाला असता, आणि तसे मला वाटत नाही. पूल व्हायलाच हवा होता. पण माझ्याच लेकीला त्यावरून येता आले नाही, हे दुःख मला रोज खाते.

५. त्रिशरण-पंचशील म्हणून गावातच माझा अंत्यविधी करावा. हारतुरे नकोत, भाषणे तर अजिबात नकोत. मी गेल्यावर पहिला फोन नाक्यावर करावा. तिथला व्यवस्थापक शेखर याला मी आजच समजावून ठेवले आहे. नाक्याचा आडवा दांडा वर करायचा, तो ट्रक, ट्रॅक्टर, जीप, सगळ्यांसाठी. रश्मी सांगेपर्यंत खाली घ्यायचा नाही. ती सांगणार नाही. शेखरने विचारले, "सायेब, ताईले हे आत्ताच कळवू का?" मी मान हलवून नाही म्हणालो. एवढा सरळ मी कधीच नव्हतो.

दुसरा फोन रश्मीला, आणि तो अनुपनेच करावा. तिला सांगावे, नाका साऱ्यांना उघडा आहे. ती पोचेपर्यंत मला उचलू नये, कितीही उशीर होवो. आणि फोन झाल्यावर अनुपने स्वतः फाट्यावर जाऊन रस्त्याच्या मधोमध उभे राहावे. नाहीतर तिची गाडी सवयीने फेऱ्याला लागेल.

हे सर्व वाचून, समजून, दोन साक्षीदारांसमक्ष सही केली.

मोतीराम सुकदेव तेलगोटे (सही)

साक्षीदार:
१. डॉ. रोहित इंगळे, दर्यापूर (सही)
२. साधना विजय ठाकरे, शिक्षिका, नांदखेड (सही)

ठिकाण: नांदखेड
दिनांक: १२ नोव्हेंबर २०२५