चिवळीची जुडी

रविवार, संध्याकाळ

एवढ्याशा चिवळीवरून मन इतकं कडू व्हावं, हे कुणाला सांगायचीही लाज वाटते. म्हणून इथे लिहिते.

कन्हेरीच्या हिराबाईंच्या शेताचे आम्ही सभासद. दर रविवारी शेतावर जाऊन आपल्या नावाची पिशवी आणायची. सगळ्यांना भाजी सारखीच. मग आज शेजारच्या मेधाच्या पिशवीत वर चिवळीची जुडी कशी? तिला त्या शेतावर पहिल्यांदा नेलं कोणी? मीच ना.

राहवेना, विचारलंच. हिराबाई हसल्या. "ताई, चिवळ आमी पेरत न्हाय. खुरपताना निघती. जी खुरपंल तिची. मेधा सकाळी सातपास्नं वाफ्यात बसली व्हती."

तिला नुसतं मेधा. मला तीन वर्षांनीही ताई.

महिन्यातून एकदा सभासदांनी खुरपायला यायचं, हे ठरलेलंच आहे. मी दर वेळी गुडघ्यांचं कारण सांगते. गुडघे दुखतात, पण इतके नाही.

दुपारी मेधा डबा घेऊन आली. त्याच चिवळीची भाजी, मुगाची डाळ घालून, वर लसणाची फोडणी. ह्यांनी दोनदा मागून घेतली. राग होताच, तरी मीही डबा पुसून खाल्ला.

आता तो घासून ओट्यावर पालथा घातलाय. शेजारणीचा डबा रिकामा परत करू नये, हे आईनं शिकवलेलं. पण त्यात घालू काय? माझ्या पिशवीत जे जे आलं, ते सगळं तिच्याही घरात आहे.