बाळ्या जामिनावर सुटला

४ जाने., रवि.
बाळ्या जामिनावर सुटून आला. सख्ख्या चुलत्याचा पोरगा. बांधाच्या भांडणात माझ्या थोरल्या भावाच्या, दादाच्या मानेत कुऱ्हाड ह्यानंच घातली, माझ्या डोळ्यांदेखत. दादा जागीच गेला. तेव्हा लागलेली दारू आत्ता दिवाळीत कुठं बंद झाली, तीही सोलापूरच्या व्यसनमुक्ती केंद्रात जाऊन. आणि हा तेरच्या स्टँडवर चहा पितोय.
पूर्वी राग बाटलीत जायचा. आता कुठं घालायचा? घरी येऊन बाभळीचं खोड फोडलं. तळहाताची सालटी निघाली.

६ जाने.
आईनं जेवायला वाढलं. ताटाशेजारी क्वार्टर. माझी दारू सुटावी म्हणून जिनं मंगळवार धरले, तिनं.
"पी. प्यायल्याबिगर तुझ्याच्यानं व्हायचं न्हाय."
काय, ते बोलली नाही. कुऱ्हाडीला धार लावून ठेवलेली. वासानं तोंडाला पाणी सुटलं, त्याची लाज वाटली. मोरीत ओतली. आईनं उलथनं फेकून मारलं. कपाळाला खोक. हळद दाबली.

७ जाने.
पारावर एकजण: "केंद्रानं दारूसंगट रगत बी काढून घेतलं काय रं तुजं?" सगळे हसले. दिवसभर प्यावंसं वाटतंय. एक घोट, की सगळं सोपं.

९ जाने.
बाळ्या बांधावर भेटला. खाली बघून निघालो होतो. तोच म्हणाला, "ये की. का पिऊन येतूस?"
पाडला. छातीवर बसून ठोसे घातले. नाक फुटलं. त्याचा दात माझ्या बोटात रुतला. दगड हाताला लागला, तो उचलला.
"मार. जेलात बी झोप न्हाय मला. दादा दिसतो."
दगड टाकला. दया वगैरे काही नाही, मारायचंच होतं. पण इतकं शुद्धीत असताना...
आईला सांगितलं. "जित्ता सोडलास?" कुऱ्हाड घेऊन स्वतःच निघाली. हिसकावताना मनगटाला चावली. कुऱ्हाड विहिरीत टाकली.

१२ जाने.
आई सकाळीच बाळ्याच्या दारात जाऊन बसली. मी उठवायला गेलो तर म्हणाली, "त्यानं मला मारावं, न्हायतर तू त्याला. तवर उठत न्हाय."
ओढून आणली असती. नाही आणली, शेजारी बसलो. ऊन तापलं. सुजल्या तोंडानं बाळ्या बाहेर आला, पाण्याचा तांब्या आमच्यापुढं ठेवला, आत गेला. लई तहान लागली होती. आईनं हात लावला नाही, मीही नाही.
दिवस मावळल्यावर तिला उचलून आणली. उद्या परत जायचं म्हणते.